रेघ कोणी ओढली?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या लॅबमधल्या एका पीसीवर कोणीतरी एक वॉलपेपर लावून ठेवला होता. गडद निळा अंधार आणि त्यावर केसाइतक्या बारीक, पांढरट कमानी. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि युरोप तर नुसते पेटलेले. तो जगाचा नकाशा होता, पण त्यात किनारा, नदी, देशाची सीमा असं कोणीच काही काढलेलं नव्हतं. होत्या त्या फक्त कमानी, आणि त्यांच्या गर्दीतून खंडांचे आकार आपोआप उमटले होते. जर्नल पूर्ण करायची सोडून मी त्याच्याकडे बघत बसले.

ते चित्र पॉल बटलरने डिसेंबर २०१० मध्ये केलं. तेव्हा तो फेसबुकमध्ये इंटर्न होता. इंटर्न, म्हणजे आमच्याच पंक्तीतला. कोड लिहून असं काही करता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर कोड म्हणजे लिंक्ड लिस्ट उलटी करणं आणि व्हायवामध्ये त्याचं स्पष्टीकरण देणं, एवढंच.

त्यानंतर मी माणसामाणसांतल्या नात्यांची अशी बरीच चित्रं पाहिली आणि काही स्वतः केली. आता नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या डॅशबोर्डचे बग सोडवते आणि रात्री कधीमधी हौस म्हणून काहीतरी काढते. त्यातल्या एका चित्राबद्दल मला अजून अपराधी वाटतं. त्याच्याकडे शेवटी येईन. आधी इतरांच्या चित्रांबद्दल बोलू, कारण माझी चूक मला त्यांच्याकडे परत गेल्यावरच नीट समजली.

तीन प्रकारचा अंधार

बटलरने नेमकं काय केलं, ते आधी सांगते. फेसबुकच्या डेटामधून त्याने मैत्रीच्या सुमारे एक कोटी जोड्यांचा नमुना घेतला. प्रत्येकाच्या प्रोफाइलवरचं शहर पाहिलं आणि कुठल्या दोन शहरांमध्ये मैत्रीच्या किती जोड्या आहेत ते मोजलं. मग 'आर' ही भाषा वापरून शहराशहरांत रेघा ओढल्या. पहिल्या प्रयत्नात पडद्यावर पांढरा गोळा आला, कारण रेघा इतक्या होत्या की सगळं भरून गेलं. म्हणून त्याने प्रत्येक शहर-जोडीला वजन दिलं. दोन शहरांतलं अंतर आणि त्यांच्यातल्या मैत्रीच्या जोड्यांची संख्या, या दोन गोष्टींवरून रेघेचा रंग ठरला. जड रेघा वर आणि हलक्या खाली. सरळ रेघांऐवजी पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या कमानी घेतल्या. मग तो नकाशा उजळला.

हे वाचल्यावर चित्राचं कौतुक कमी होत नाही. पण एक गोष्ट लक्षात येते: आपण ज्याला 'दिसणं' म्हणतो, त्यातलं बरंचसं कोणीतरी ठरवलेलं असतं. डेटा तोच होता. एका सूत्राने तो पांढरा गोळा झाला, दुसऱ्याने जग झालं.

शिवाय त्या नकाशातली एकही कमान म्हणजे कोणाची मैत्री नाही. ती दोन शहरांमधल्या मैत्रींची बेरीज आहे. माझी आणि दुबईला गेलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची रेघ त्यात असेलही, पण ती मुंबई-दुबईच्या जाड कमानीत विरघळून गेलेली. याला मी दोष म्हणणार नाही. जगाच्या नकाशावर दोन मैत्रिणी दिसायला हव्यात असा हट्ट कसा धरणार? पण मग या चित्राला 'मैत्रीचं चित्र' म्हणताना जरा थांबायला हवं.

माझा खरा आक्षेप अंधाराबद्दल आहे. त्या नकाशात चीन काळा आहे, कारण तिथे २००९ पासून फेसबुक बंद होतं. रशियाचा बराच भाग काळा आहे, कारण तिथले लोक व्हीकॉन्टाक्टेवर होते. ब्राझीलमध्ये तेव्हा ऑर्कुटचं राज्य होतं. आफ्रिकेचा मोठा भाग काळा आहे, कारण तिथे इंटरनेटच फार थोड्यांकडे होतं. सरकारने बंद केलेलं दार, दुसऱ्याच घरात जमलेली मैफल आणि वीज-वायर न पोचलेलं गाव. हे तीन अगदी वेगळे अंधार, पण नकाशात तिघांचा रंग एक. पाहणाऱ्याला वाटतं की इथे माणसं एकमेकांशी जोडलेली नाहीत. जोडलेली असतातच. फक्त त्या कंपनीच्या वहीत त्यांची नोंद नसते.

जाहिरात म्हणून हे चित्र अप्रतिम आहे. चित्र म्हणूनही सुंदर आहे. पण 'ज्याची नोंद नाही ते अस्तित्वातच नाही' ही सवय मला त्याच चित्राने लावली, असं आता वाटतं.

ठिपके आधी की रेघा?

बटलरला एक सोय होती. त्याच्या ठिपक्यांच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या. मुंबई जिथे आहे तिथेच येणार. पण नकाशाच नसेल तर? वर्गातली साठ मुलं, ऑफिसातली चाळीस माणसं, नात्यातली वीस घरं. यांना कागदावर कुठे ठेवायचं?

मी आईला माझं पहिलं नेटवर्क दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी." मी हसले होते. पण फरक पाहा. रांगोळीत ठिपके आधी येतात. अकरा ते सहा म्हटलं की अकरा ते सहा, कागदाच्या भोकांतून पडले तसे. मग कोणता ठिपका कोणाला जोडायचा हे काढणारी ठरवते. नेटवर्कच्या चित्रात उलटं असतं. कोण कोणाला जोडलेलं आहे, म्हणजे रेघा, डेटातून येतात. ठिपक्यांच्या जागा मात्र मोकळ्या असतात. त्या शोधायचं काम आपण कॉम्प्युटरला देतो.

तो त्या कशा शोधतो? सगळ्यात रुळलेल्या पद्धतीत असं धरतात की प्रत्येक रेघ म्हणजे एक स्प्रिंग आहे, ती आपल्या दोन टोकांना जवळ ओढते. आणि प्रत्येक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला दूर ढकलतो, सारखा विद्युतभार असल्यासारखा. सगळे ठिपके सुरुवातीला कुठेही टाकायचे आणि सोडून द्यायचं. ते थरथरतात, ओढले जातात, लोटले जातात आणि शेवटी कुठेतरी स्थिरावतात. फ्रुक्टरमन आणि राइनगोल्ड या दोघांनी १९९१ मध्ये मांडलेली अशी एक पद्धत आजही सर्रास वापरली जाते. ज्याच्या रेघा पुष्कळ, तो मध्याकडे ओढला जातो. ज्याची एखादीच रेघ, तो कडेला फेकला जातो.

पडद्यावर हे घडताना पाहणं फार गोड असतं. जणू एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये पाहुणे आपापल्या लोकांजवळ जाऊन बसताहेत. पण पान रिफ्रेश करा. ठिपके पुन्हा कुठेही पडतील, पुन्हा थरथरतील आणि यावेळी डावीकडचा माणूस उजवीकडे जाईल, वरचा खाली. डेटा अक्षरशः तोच. चित्रातल्या वर-खालीला काहीच अर्थ नसतो. पाहणारा मात्र अर्थ लावतोच. वर आहे म्हणजे मोठा, मध्ये आहे म्हणजे महत्त्वाचा, कडेला आहे म्हणजे नकोसा. आपण शाळेपासून असंच वाचत आलोय.

रेघा फार झाल्या तर सगळ्याचा गोळा होतो. इंग्रजीत याला हेअरबॉल म्हणतात. मराठीला नवा शब्द शोधावा लागत नाही, विंचरल्यावर फणीत राहते ती गुंतवळ. आणि गुंतवळ सोडवायची म्हणजे काही केस तोडायचे. कोणते, हे आपण ठरवायचं.

विचारून काढलेल्या रेघा

ही चित्रं कॉम्प्युटरच्या किती आधीची आहेत हे मला बरंच उशिरा कळलं. जेकब मोरेनो हा मानसोपचारतज्ज्ञ १९३० च्या दशकात ती हाताने काढत होता. त्याने त्यांना सोशिओग्राम म्हटलं. एप्रिल १९३३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची बातमी केली आणि १९३४ मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'हू शॅल सर्व्हाइव्ह?'.

न्यूयॉर्क राज्यात हडसन इथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ मध्ये तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मोरेनो आणि त्याची सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी तिथल्या मुलींमधली नाती कागदावर मांडली. पळण्याचं कारण एकेका मुलीच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्यांनी ते या जाळ्यात शोधलं: कोणती मुलगी कोणाला धरून होती, पळण्याची कल्पना कोणाकडून कोणाकडे गेली असेल.

मोरेनोच्या पद्धतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, तो विचारायचा. तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? कोणाबरोबर राहायला आवडेल? रेघ म्हणजे त्या माणसाने दिलेलं उत्तर. दुसरी, तो नावडही विचारायचा आणि ती वेगळ्या रंगाने काढायचा. आपल्या सगळ्या अॅप्सच्या डेटात नावडीची रेघच नसते. अनफ्रेंड केलं की रेघ पुसली जाते, दुसऱ्या रंगाची होत नाही. त्यामुळे अनोळखी माणूस आणि ज्याच्याशी आपण दोन वर्षं बोलत नाही तो जुना मित्र, डेटात दोघं सारखेच. दोघांनाही रेघ नाही.

नेटवर्क शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येणारा दुसरा डेटा म्हणजे वेन झॅकरीचा कराटे क्लब. ३४ सदस्य, ७८ रेघा. १९७७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्लबबाहेरही जे एकमेकांशी संबंध ठेवून होते त्यांच्यातच त्याने रेघ ओढली. पुढे प्रशिक्षक आणि क्लबचा प्रमुख यांच्यात वाद होऊन क्लब फुटला, आणि कोण कोणाकडे जाणार याचा अंदाज झॅकरीच्या जाळ्यावरून एक माणूस सोडता सगळ्यांच्या बाबतीत बरोबर ठरला. आम्ही हा डेटा एका ओळीच्या कोडने लोड करतो, दोन रंगांत रंगवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे जातो. तिथे कोणाचं तरी भांडण झालं होतं, कोणाची तरी मैत्री तुटली होती, हे मला कधी जाणवलंच नाही. ठिपक्यांना फक्त नंबर होते.

ठिपक्याला बोलता आलं तर

२००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 'प्रोसेसिंग' सुरू केलं. चित्रकारांना, डिझायनरांना कोड लिहिता यावा म्हणून केलेली ही साधी भाषा. तिच्यात प्रोग्रॅमला प्रोग्रॅम म्हणत नाहीत, स्केच म्हणतात. मला या शब्दाचं फार अप्रूप आहे. स्केच म्हणजे कच्चं, खोडता येणारं. आज आपण मोबाइलच्या ब्राउझरवर जे खेळतो ते पी-फाइव्ह तिचंच भावंड, लॉरेन मॅकार्थीने सुरू केलेलं.

प्रोसेसिंगमध्ये झालेल्या कामांपैकी जोनाथन हॅरिस आणि सेप कामवार यांचं २००६ मधलं 'वी फील फाइन' मला आजही सगळ्यांत जवळचं वाटतं. त्यांचा प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी जगभरचे ब्लॉग चाळायचा आणि 'मला वाटतंय' या अर्थाचे इंग्रजी शब्द असलेली वाक्यं उचलायचा. लिहिणाऱ्याचं वय, गाव, तिथलं त्या दिवशीचं हवामान मिळालं तर तेही. पडद्यावर शेकडो रंगीत ठिपके उडत असायचे. एका ठिपक्यावर क्लिक केलं की तो उघडायचा आणि आत एक वाक्य असायचं. कोणीतरी कुठेतरी नुकतंच लिहिलेलं.

यात रेघच नाही, म्हणून हे नेटवर्क नाही असं कोणी म्हणेल. पण मला इथे बटलरच्या नेमकं उलटं काहीतरी दिसतं. तिकडे लाखो माणसं मिळून एक उजेड झाली. इकडे गर्दीतला प्रत्येक ठिपका उघडता येतो आणि उघडला की बोलतो. एकटं वाटणाऱ्यांचा एक थवा दिसतो. त्यांतले कोणीच एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ते तुम्हाला दिसत असतात. नातं तुमच्या डोक्यात तयार होतं, काढणाऱ्याने ते तुमच्यावर लादलेलं नसतं.

दोष यातही आहेत. ज्याचं वाक्य उचललं त्याला ते माहीत नसायचं. ब्लॉग सार्वजनिक होता हे खरं, पण आपल्या वीस वाचकांसाठी लिहिणं आणि जगासमोर तरंगणं यांत फरक आहे. आणि इंग्रजीत न वाटणाऱ्यांना तिथे जागा नव्हती. 'मला कसंतरी होतंय' हे त्यांच्या प्रोग्रॅमला कधीच सापडलं नसतं.

चित्र कोणाला दाखवायचं?

दोन कामं या प्रश्नाशी मला आणून सोडतात.

पहिलं मार्क लोंबार्डीचं. हा कोडवाला नव्हे, पेन्सिलवाला. बँक घोटाळे, शस्त्रांचे सौदे, राजकारणी आणि दलाल यांच्यातले संबंध तो मोठमोठ्या कागदांवर नाजूक कमानींनी काढायचा. माहिती सगळी छापून आलेली, बातम्यांतली, पुस्तकांतली. ती त्याने सुमारे १४ हजार कार्डांवर हाताने टिपली होती. २००० मध्ये तो गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एफबीआयच्या माणसाने न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे त्याचं एक चित्र पाहायला मागितलं, बीसीसीआय बँकेच्या जाळ्याचं. लोंबार्डी नावं लिहायचा, आणि ती ताकदवान माणसांची असायची. ज्यांना लपायची सोय आहे त्यांना त्याने उघड्यावर आणलं. प्रत्येक रेघेमागे छापलेला पुरावा होता.

दुसरं 'इमर्शन', एमआयटी मीडिया लॅबमधलंच, २०१३ मधलं. डॅनियल स्मिलकोव, दीपक जगदीश आणि सेझर हिदाल्गो यांनी केलेलं. तुम्ही तुमच्या जीमेलने लॉगिन करायचं. तो मेलचा मजकूर वाचत नसे. कोणी, कोणाला, कधी पाठवलं आणि कॉपी कोणाला, एवढंच. त्यातून तुमच्या आयुष्यातल्या माणसांचं जाळं तयार व्हायचं. खालची पट्टी सरकवली की वर्षं बदलायची: एक गट फुगायचा, एक विरत जायचा. अमेरिकी सरकार लोकांच्या संपर्कांच्या नोंदी गोळा करतंय हे स्नोडेनने उघड केलं, ते याच सुमाराला. 'फक्त मेटाडेटा' म्हणजे नेमकं किती, हे शंभर लेखांपेक्षा या एका चित्राने जास्त नीट सांगितलं. आणि ते सांगताना चित्र फक्त तुम्हाला दाखवलं, तुमचंच. पाहून झाल्यावर डेटा पुसून टाकायची सोयही दिली.

लोंबार्डीने ताकदवानांचं चित्र सगळ्यांना दाखवलं. 'इमर्शन'ने सामान्य माणसाचं चित्र फक्त त्याला दाखवलं. मला दोन्ही बरोबर वाटतात. गडबड होते ती सामान्य माणसाचं चित्र, त्याला न विचारता, सगळ्यांना दाखवलं की.

हे फेसबुकच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर घडलं. एकेकाळी कोणत्याही अॅपला तुमच्याबरोबर तुमच्या मित्रांचीही माहिती मिळायची. त्यावर कितीतरी सुंदर स्केचेस झाली. त्याच दारातून एका क्विझ अॅपने लोकांच्या मित्रांचा डेटा उचलला आणि तो केंब्रिज अॅनालिटिकाकडे गेला. २०१८ मध्ये फेसबुकने स्वतः दिलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंतचा होता. ते दार २०१५ मध्येच बंद झालं होतं. ट्विटरनेही २०२३ मध्ये फुकट मिळणारा डेटा थांबवला. आता माझ्यासारख्या हौशी माणसाच्या हातात उरलं ते स्वतःचं एक्स्पोर्ट. व्हॉट्सअॅपमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' दाबा, एक टेक्स्ट फाइल मिळते.

माझं चित्र

आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, २१ जणांचा. नोकऱ्या लागल्यावर पुणे, बंगळुरू, हैदराबाद, दोघं जर्मनीत. एका ३१ डिसेंबरला मला वाटलं की सगळ्यांना वर्षाची भेट म्हणून आपल्या ग्रुपचं चित्र द्यावं. फाइल घेतली, पी-फाइव्ह उघडलं.

पहिलीच अडचण: रेघ कशाची? त्या फाइलमध्ये तारीख, वेळ, नाव आणि मजकूर असतो. कोणता मेसेज कोणाला उत्तर म्हणून होता हे त्यात नसतं. म्हणून मी एक नियम केला. कोणी मेसेज टाकल्यावर पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या कोणी टाकला, तर त्या दोघांत एक रेघ. जितक्या वेळा असं होईल तितकी रेघ जाड. पाच हा आकडा कुठून आला? कुठूनच नाही. दहा मिनिटांनी गुंतवळ होत होती, पाचने चित्र छान दिसत होतं.

मध्यभागी नेहमीचे बडबडे आले. त्यांच्याभोवती दोन छोटे गट. आणि उजव्या कडेला, सगळ्यांपासून लांब, एका बारीक रेघेला लटकलेला एक मित्र. त्याला इथे नुसतं 'तो' म्हणते. मी नावांसकट चित्र ग्रुपवर टाकलं. लोकांनी झूम करून स्वतःला शोधलं, हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. कोणीतरी त्याच्या ठिपक्याभोवती लाल गोल करून लिहिलं, 'प्लूटो'. मीही हसले. मी तर हसणारच, माझा ठिपका मध्ये होता.

चार-पाच दिवसांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला. कोणी फारसं विचारलं नाही. मी फोन केला तोही पंधरा दिवसांनी.

तो चिडलेला नव्हता. म्हणाला, "अगं, माझी नाइट शिफ्ट आहे दीड वर्षापासून. तुम्ही रात्री दहाला बडबडता तेव्हा मी लॉगिन करत असतो. तीनच्या ब्रेकला सगळं वाचतो, सगळ्यांना उत्तरं देतो. तेव्हा तुम्ही झोपलेले."

फोन ठेवून मी फाइल परत उघडली. खरंच होतं. पहाटे ३:१०, ३:१२, ३:१५. कोणाच्या नवीन गाडीचं अभिनंदन, कोणाच्या इंटरव्ह्यूची चौकशी, माझ्या बाबांच्या ऑपरेशननंतर दोन ओळी. तो सगळ्यांशी बोलत होता. माझ्या पाच मिनिटांत मावत नव्हता, एवढंच. मी वेळेची अट काढून टाकली आणि 'आधीच्या दहा मेसेजपैकी' अशी अट घातली. ठिपके थरथरले, आणि तो सरकत सरकत मध्याजवळ आला, माझ्यापासून बोटभर अंतरावर.

मी त्याला ते चित्र पाठवलं. वाटलं होतं की झालं, चूक दुरुस्त. त्याचं उत्तर पहाटे आलं: "भारी. पण खरं सांगू? पहिलं पण चूक नव्हतं. मला वाटतच होतं तसं. फक्त तोवर कोणी म्हटलं नव्हतं."

इथे माझ्यातली इंजिनीअर अडकते. पहिलं चित्र चुकीचं होतं असं सिद्ध करून मी मोकळी होणार होते. पण दुसरं चित्रही एका अटीचंच आहे. दहाऐवजी पाच मेसेज घेतले तर तो थोडा लांब जातो. पहिल्या चित्रातली रेघ 'एकाच वेळी जागे असणं' मोजत होती, आणि त्या अर्थाने तो खरंच एकटा होता. मित्रांची झोपायची वेळ ही त्याची कामाची वेळ, हे त्याच्या आयुष्यातलं खरं दुःख होतं आणि माझ्या चुकीच्या नियमाने ते नकळत पकडलं होतं. चित्र खरं असूनही ते ग्रुपवर टाकण्याचा अधिकार मला मिळत नव्हता. आणि रेघ कशाची आहे हे मी चित्राखाली एका ओळीत लिहिलं असतं, 'पाच मिनिटांत उत्तर दिलं तर रेघ', तरी कोणीतरी म्हटलं असतं, अरे, त्याची तर नाइट शिफ्ट असते.

बटलरच्या नकाशातला अंधार पाहताना मी जे म्हटलं तेच इथेही झालं होतं. माझ्या चित्रातलं अंतर कंटाळ्याचं होतं, भांडणाचं होतं, की शिफ्टचं? रंग एकच होता. आणि फरक असा की चीनला त्या नकाशाने काही फरक पडला नाही. माझा नकाशा ज्याच्याबद्दल होता तो तो नकाशा पाहत होता.

म्हणून आता अशी चित्रं पाहताना सौंदर्यावर माझी वाहवा थोडी उशिरा निघते. आधी मी शोधते की रेघ म्हणजे काय हे काढणाऱ्याने कुठे सांगितलंय का. ठिपका उघडतो का, की नुसता ठिपकाच राहतो. आणि हे चित्र पहिल्यांदा कोणी पाहिलं: ज्याचं आहे त्याने, की बाकीच्यांनी. 'वी फील फाइन' दुसऱ्या प्रश्नाला उत्तम उतरतं आणि तिसऱ्याला नाही. 'इमर्शन' तिसऱ्याला. बटलरचा नकाशा पहिल्याला उतरतो, त्याने कृती प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती, ती वाचायला फार कोणी गेलं नाही. माझं चित्र एकालाही उतरलं नाही.

मी अजून स्केचेस करते. गेल्या महिन्यात एक केलं, फक्त माझं. वर्षभरात मी कोणाला स्वतःहून मेसेज केला आणि कोणाला फक्त उत्तर दिलं, एवढंच. नावं फक्त मला दिसतात. त्यात एक ठिपका आहे, त्याच्याकडून माझ्याकडे येणाऱ्या रेघा बऱ्याच, माझ्याकडून जाणाऱ्या अगदी थोड्या. वेळ पाहिली. जवळजवळ सगळ्या पहाटे तीन-सव्वातीनच्या.

तो ग्रुपमध्ये परत आलेला नाही. मी शनिवारी दुपारी, त्याची झोप झाल्यावर, फोन करते. त्याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये होत नाही.